लिमबाईची काळी बियर

सिंगापूरला जाऊन आले म्हटल्यावर लोक विचारतात, काय काय बघितलं? तर पक्ष्यांची बाग बघितली नाही. पाणी ओकणारा सिंह बघितला नाही. मी बघितला सेरंगून भागातल्या एका इमारतीचा सहावा मजला, तिथला बाजार, तिथला दवाखाना आणि काळी बियर. बियर नुसती बघितली नाही, प्यायले. तीन दिवस, तीन तऱ्हांनी. आमच्या मुरुडला हे कळल्यावर दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला आणि पदराआडूनच विचारलं, "लागते कशी हो?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. झालं तसं लिहिता येतं, सजवता येत नाही.

विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. बसले, कान दुखले, उतरले.

सहावा मजला

साल पंच्याण्णव. माझा मुलगा अशोक जहाजावर इंजिनियर. कंपनी सिंगापूरची, म्हणून बिऱ्हाड तिथे. सून स्मिता पुण्याची, शिकलेली, पाया लेबारला एका ऑफिसात कामाला होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण विहीणबाईंचा पाय मोडला आणि त्या खाटेवर पडल्या. म्हणून मी गेले. मुलगी झाली. अशोकने आठ दिवस तिला मांडीवर घेऊन घेतलं आणि त्याचं जहाज सुटलं. मागे आम्ही तिघी राहिलो.

घर लहान पण स्वच्छ. लिफ्ट मात्र प्रत्येक मजल्यावर थांबत नाही. पाचव्यावर थांबते, मग एकदम नवव्यावर. सहाव्यावर राहणाऱ्याने पाचव्यावर उतरून जिना चढायचा. एवढं हुशार सरकार, आणि हे कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. कपडे वाळत घालायचे ते खिडकीबाहेर, बांबूत ओवून, झेंड्यासारखे. पहिल्याच दिवशी माझ्याकडून बांबू खोबणीत नीट बसला नाही आणि बारा लंगोट खाली गेले, ते बाकावर बसलेल्या एका चिनी म्हाताऱ्याच्या पक्ष्याच्या पिंजऱ्यावर. पक्षी गायचा थांबला. म्हाताऱ्याने सगळे लंगोट घडी घालून वर आणून दिले, एक अक्षर बोलला नाही. आमच्याकडे आधी आईबाप निघाले असते.

बाळंतिणीचं मी आमच्या पद्धतीने केलं. पंखा बंद, खिडक्या बंद, कानाला रुमाल, ओव्याशेपाची धुरी, तेल लावून शेक. खायला तांदळाची भाकरी, लसणाची चटणी, सुंठ घातलेलं तूप, डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू. सगळं कोरडं. पाणी म्हणजे ओवा घालून उकळलेलं, सकाळी एक फुलपात्र, दोन्ही जेवणांनंतर एकेक. जास्त प्यायलं की बाळंतिणीचं पोट सुटतं, हे मला माझ्या सासूने सांगितलं, तिला तिच्या सासूने. गावात मी पंधरावीस बाळंतिणी अशाच उठवल्या आणि एकीचंही पोट सुटलं नाही, हे मी तिथे भेटेल त्याला ऐटीत सांगत होते. ऐटीत, आणि मराठीत. कोणाला कळत नव्हतं ते बरं झालं.

शुक्रवार, दवाखाना

मुलगी पंधरा दिवसांची झाली तेव्हा वजनाला नेली. नर्स तमिळ बाई, अंगाने भरलेली, चष्मा नाकाच्या टोकावर. तिने काटा बघितला, कागद बघितला, परत काटा बघितला. मग स्मिताशी इंग्रजीत बरंच बोलली, काहीबाही विचारलं. स्मिता माझ्याकडे बघून मान हलवत राहिली. बोलणं मला कळलं नाही, पण स्मिताचं तोंड उतरलं ते कळलं.

"काय म्हणते?"

"वजन वाढलं नाहीये, आई. जन्मली तेव्हा होतं तेवढंसुद्धा नाही. दूध पुरत नाही म्हणते. पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय. तेव्हाही वाढलेलं नसलं तर डब्याचं सुरू करायचं."

"मग करू."

म्हणाले खरी. डब्याच्या दुधाने काही पोरं मरत नाहीत. पण स्मिता बसमध्ये अख्खा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसली, खांदे हलत होते. घरी आल्यावर म्हणाली, "आई, नवरा समुद्रावर, आई पुण्यात, नोकरी सोडलेली. एवढी एक गोष्ट तरी मला जमायला पाहिजे हो." आणि नाक माझंही कापलं जात होतं. विहीणबाई फोनवर दर वेळी विचारायच्या, "दूध पुरतंय ना?" आणि मी दर वेळी "भरपूर" म्हणून ठेवून द्यायचे.

सात दिवस हातात होते.

शनिवार, धूर

दुसऱ्या दिवशी मी सगळंच वाढवलं. लाडू एकाचे दोन केले, लसूण वाढवली, धुरी दुप्पट केली. कोळसा तिथे बाजारात मिळतो, निखारे चांगले पेटले होते, त्यावर मूठभर ओवा टाकला. धूर दाराखालून बाहेर गेला. बाहेर सगळ्या घरांना मिळून एकच लांब गॅलरी असते. थोड्या वेळाने कोणीतरी दारावर धाडधाड लाथा मारायला लागलं.

उघडलं तर एक चिनी म्हातारी. माझ्याच वयाची, हाडकुळी, फुलाफुलांचा पायजमा, तीन दात सोन्याचे, आणि दोन्ही हातांत पाण्याने भरलेली बादली. लाथा का मारत होती ते कळलं. मला कोपराने बाजूला सारून ती आत घुसली. निखारे बघितले, रुमाल बांधलेली स्मिता बघितली, पोर बघितली. बादली खाली ठेवली आणि हसायलाच लागली.

ही लिमबाई, दोन दारं सोडून राहणारी. लिम तिचं आडनाव, बाई मी जोडलं. ती मला आंटी म्हणायची. तिथे सगळे सगळ्यांना आंटीच म्हणतात. तिचं इंग्रजी बाजारातलं, माझं अजिबात नाही, मधे स्मिता. तिने चाळीस वर्षं बाजारात मासळी विकली होती. सहा मुलं झाली, सगळी लग्न होऊन पांगली.

लिमबाईने घराची तपासणी केली. खिडक्या बंद, मान डोलावली. पंखा बंद, मान डोलावली. स्मिताच्या रुमालाची गाठ ओढून बघितली आणि आणखी घट्ट केली.

"विचारतायत, मी केस धुतले का," स्मिता म्हणाली.

"सांग, नाही."

"गुड म्हणतात. महिनाभर धुवायचे नाहीत. वारा लागू द्यायचा नाही. गार काही खायचं नाही. आणि साधं पाणी तर अजिबातच प्यायचं नाही म्हणतात. वाळवलेल्या लाल बोरांचा काढा तेवढा, तोही लहान कपातून." स्मिताने ओठांवरून जीभ फिरवली. "आई, तुम्ही दोघी एकाच शाळेत होतात का?"

"बाई शहाणी आहे," मी म्हणाले.

दुधाचं कळल्यावर लिमबाईने मांडीवर थाप मारली. कच्च्या पपईचा आणि माशाचा पातळ रस्सा करून द्या म्हणाली. मी हात जोडले. पपई फार उष्ण, आमच्याकडे ती अशा दिवसांत दारातही आणत नाहीत. मग ती घरी गेली आणि कापडी पिशवीतून सहा बाटल्या घेऊन आली. काळ्या, बुटक्या, सोनेरी अक्षरांच्या.

"ब्लॅक बियर! यू ड्रिंक, लाह. मिल्क प्लेंटी!" आणि छातीपासून जमिनीपर्यंत हाताने धबधबा काढून दाखवला. लाह हे तिथलं शेपूट, प्रत्येक वाक्याला लावतात.

"आई, ही बियर आहे," स्मिता म्हणाली.

"ते मला अक्षर न वाचता कळलं."

"नो बियर, लाह. मेडिसिन," लिमबाई म्हणाली. तिच्या सासूने दिली होती, तिने आपल्या दोन्ही सुनांना दिली, बाजारातल्या सगळ्या बायका घेतात, पूर्वी म्हणे डॉक्टरही सांगायचे. रोज एक बाटली. आमची तोंडं बघून तिला वाटलं आम्ही संकोचतोय. बाटल्या ओट्यावर ठेवून, बादली उचलून ती गेली.

"मी नाही पिणार हे," स्मिता म्हणाली.

"मी देणारही नाही," मी म्हणाले.

रविवार, नुसती

आता माझ्या नवऱ्याबद्दल लिहायला हवं. तो जाऊन दहा वर्षं झाली, तेव्हा त्याला वाईट वाटायचं कारण नाही. तो हातभट्टीची प्यायचा. दारातून आला की वासावरून मी सांगायचे किती झालीय, आणि आज ताट वाढायचं की लपायचं. तीस वर्षं वास घेतला. चव कधी बघितली नव्हती. पिणाऱ्याच्या बायकोने चव घेऊन बघितली तर तिला कोणी काय म्हटलं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

रविवारी पोर दिवसभर रडली. दोन घोट ओढायची, सोडायची, किंचाळायची. लंगोटही कमी भिजत होते. दुपारी दोघींना झोप लागल्यावर मी त्या बाटल्यांसमोर उभी राहिले. बाळंतिणीला द्यायचं ते आधी स्वतः खाऊन बघायचं, ही माझ्या सासूची शिस्त. द्यायचं ठरलं नव्हतं, पण बघायला काय जातंय?

झाकण उघडायचं साधन सापडेना. दाराच्या कडीत अडकवून हिसका दिला. फेस उसळून माझ्या पातळावर आणि थोडा देवांवर. देव पुसले. उरलेली स्टीलच्या पेल्यात ओतली.

रंग म्हणाल तर धुणं भिजवलेल्या पाण्यासारखा काळा, पण उजेडाकडे धरला की कडेला लालसर. वर फेस, तो पांढरा नाही, दुधाच्या चहाच्या रंगाचा आणि जाड. रिठ्याचा येतो तसा. वासाला मी तयार होऊन नाक पुढे केलं, तर तो वास नव्हताच. करपलेल्या भाकरीचा वास होता. तव्यावर विसरलेली नाचणीची भाकरी असते ना, तिचा.

मग घोट घेतला. पहिल्यांदा काहीच नाही, नुसतं कोमट आणि जिभेला टोचणारं. मग कडू. कारल्यासारखं समोरून येणारं कडू नव्हे, गूळ करपल्यावर कढईच्या तळाशी राहतं ते. त्याच्या मागून आंबट, शिळ्या आंबिलीचं. गिळल्यावर घशात कोळसा घासल्यासारखं वाटतं. थोडक्यात, नाचणीची आंबील तीन दिवस विसरायची, मग करपवायची, मग त्यात सोडा मारायचा.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की एवढ्यासाठी? यासाठी माणूस रस्त्याच्या कडेला पडायचा? स्मिता मागाहून म्हणाली हातभट्टीची चव वेगळी असते. असेल. पण मला त्या दिवशी नवऱ्याचा राग आला नाही, त्याच्या जिभेची कीव आली.

पेला मात्र संपवला. टाकायची सवय नाही.

सोमवार, अंड्यासकट

सोमवारी लिमबाईला सांगितलं, म्हणजे खुणेने सांगितलं, की तुझं औषध वाईट आहे. तिने मला हाताला धरून घरी नेलं. मुलगी नुकतीच निजली होती आणि स्मिता म्हणाली, "जा तुम्ही, आई. तुमच्याशिवाय थोडा वेळ काढते मी." हे तिने जरा जास्तच लवकर म्हटलं.

लिमबाईच्या घरी भिंतीवर लाल देव्हारा, समोर संत्री आणि उदबत्त्या. मी हात जोडले. आपल्याच देवासारखा जाड आणि रागीट होता. तिने काचेचा पेला घेतला, त्यात कच्चं अंडं फोडलं, वरून बाटली ओतली आणि काट्याने फेटलं. एक मला, एक तिला. मी चमच्याएवढा घोट घेतला तर ती ओरडली.

"स्मॉल स्मॉल नो गुड! लाइक धिस!" आणि डोकं मागे टाकून अर्धा पेला खाली उतरवला. तोंड पुसून म्हणाली, "आय सेव्हंटी. टीथ गॉन, लेग स्ट्राँग."

मीही डोळे मिटून ओतला. अंड्याने कडूपणा मेला होता. घट्ट, गुळगुळीत, खरवसाचा कच्चा चीक प्यावा तसं. मधेच बलकाचा एक न फुटलेला गोळा घशातून घरंगळला, त्याबद्दल लिहीत नाही. पण उतरल्यावर पोटात ऊब आली, गुडघे सैल पडले, आणि देव्हाऱ्यातला देव जरा कमी रागीट दिसायला लागला. औषध असेलही, असं मला वाटायला लागलं. बाईचे पाय खरंच काटक होते.

परत आले तर स्मिता स्वयंपाकघराच्या दारात उभी, पोर खांद्यावर किंचाळत होती.

"आई, द्या मला ती बाटली."

"काय?"

"सगळं खाल्लं मी. लाडू, लसूण, अळीव. आज हिने सकाळपासून दोनच लंगोट भिजवलेत. लिम आंटींच्या सुनांना आलं ना दूध? मग द्या. पिते मी."

कालपर्यंत नाही म्हणणारी पोर. डोळे खोल गेलेले, ओठांची सालं निघालेली. माझा हात बाटलीकडे गेला होता, हे लपवत नाही. मग मला दारातून पिऊन येणारा नवरा दिसला आणि समोर स्मिताला बिलगलेली ही एवढीशी मुलगी. म्हटलं, "उद्या. अजून एकदा मी घेऊन बघते. माझं डोकं ठिकाणावर राहिलं तर उद्या संध्याकाळी देते."

मंगळवार, बर्फासकट

सकाळी लिमबाईबरोबर बाजारात गेले. पापलेटाचे कल्ले उघडून बघितले तर विकणारा माझ्यावर खेकसला. लिमबाई त्याच्यावर त्याहून मोठ्याने खेकसली. त्याने मान खाली घालून दुसरं पापलेट काढलं. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मासळीवाल्याला बोलायची भाषा एकच असते.

येताना इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये बसलो. गोल टेबलं, वर पंखे, म्हातारे पेपर वाचतायत. शेजारच्या टेबलावर तीन म्हाताऱ्या आमच्या वयाच्या, भाजीच्या पिशव्या पायाशी, समोर तीच काळी बियर. भर सकाळी. कोणी वळून बघत नव्हतं. आमच्याकडे बाई गुत्त्याच्या दारात दिसली तर ती नवऱ्याला उचलायला आलेली असते. इथे त्या बसून मजेत पाय हलवत होत्या. मी पदर आधी डोक्यावर घेतला, मग कोणासाठी घेतला ते कळेना म्हणून परत खाली घेतला.

लिमबाईने कान असलेल्या मगात बर्फाचे खडे घालून त्यावर बियर ओतून घेतली, आणि खारे शेंगदाणे. आणि इथे मला कबूल केलं पाहिजे की ती चांगली लागली. गार झाली की आंबटपणा मागे जातो आणि कडूपणा पुढे येतो, पण तो शेंगदाण्यांबरोबर बसतो. काळ्या कॉफीत काकवी घातल्यासारखी चव मागून येते. शेंगदाणा, घोट, शेंगदाणा, घोट. कपाळावरचा घाम वाळला. मी अख्खा मग संपवला आणि डोकं ठिकाणावर होतं. लिमबाईने अंगठा वर केला. मीही केला. संध्याकाळी स्मिताला अर्धी बाटली द्यायची, असं मी तिथे बसून ठरवलं.

जिना चढेपर्यंत घसा कोरडा पडला. खारे दाणे आणि ती बियर, तोंडात वाळू भरल्यासारखं. घरात शिरले, चपला तशाच, ओट्यावरच्या नळाखाली पेला धरला आणि गटगट प्यायले. परत भरला, प्यायले. तिसरा भरला आणि वळले.

स्मिता मुलीला मांडीवर घेऊन दारात बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पेल्याकडे बघत होती. मी पेला तोंडाला लावला तशी तिची नजर पेल्याबरोबर वर आली, खाली केला तशी खाली आली. उन्हात बांधलेली म्हैस बादलीकडे बघते ना, तशी.

"काय गं?"

"काही नाही."

"पाणी पाहिजे तुला?"

तिने मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "एक घोट चालेल का?"

मी तिला तिसरा पेला दिला. तो तिने किती वेळात संपवला ते बघायलाच मिळालं नाही. चौथा दिला. पाचवा अर्धा झाल्यावर ती थांबली आणि श्वास घेतला.

मी खाली बसले. मला माझं पहिलं बाळंतपण आठवलं. माझी सासू मला फुलपात्राने पाणी मोजून द्यायची. आणि मी काय करायचे? न्हाणीत अंघोळीला बसवलं की ती पाठ करायची तेवढ्यात घंगाळातलं गरम पाणी तांब्याने प्यायचे. धुराच्या वासाचं, वर तेलाचा तवंग. रोज. त्यावर माझी चार पोरं वाढली. हे मी साफ विसरले होते. सासूचा नियम तेवढा लक्षात ठेवला आणि घंगाळ विसरले. या घरात तर घंगाळही नव्हतं, भिंतीतून फवारा येतो, आणि मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी.

लिमबाईच्या सुनांचंही मग लक्षात आलं. त्यांनाही पाणी बंद. त्यात कोणी रोज बाटलीभर पातळ काहीतरी पाजलं तर ते त्यांच्या पोरांना पोचणारच. ते काळं असो नाहीतर पांढरं.

"नळ घरातच होता, चोरून प्यायचं मग," मी रागावले. राग कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. "शिकलेली ना तू? त्या नर्सला का नाही विचारलंस?"

"तिने विचारलं होतं, आई. पाणी, सूप वगैरे भरपूर घेता ना? मी हो म्हटलं."

"का?"

"तुम्ही शेजारी बसला होतात. इतक्या लांबून माझ्यासाठी आलात. आणि माझी आई फोनवर म्हणाली, त्या म्हणतील तसं कर, उलट बोलू नको." मग म्हणाली, "काल तुम्ही लिम आंटींकडे गेलात तेव्हा नळापर्यंत गेले होते मी. तेवढ्यात ही उठली. आज तर हिने मांडीवरून हलूच दिलं नाही."

मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. माफी मागायची मला सवय नाही. मी उठले, मोठं पातेलं भरून पाणी उकळायला ठेवलं आणि पंखा लावला.

बुधवार, गुरुवार

दोन दिवस मी स्मिताला पाजत सुटले. पाणी, भाताची पेज, मुगाचं कढण, पापलेटाचं पातळ सार. पपईचा रस्सा सोडून सगळं. पोट सुटलं तर सुटू दे, म्हटलं, साड्या मोठ्या असतात. खिडकी उघडली. रुमाल सोडला. बुधवारी संध्याकाळी मुलगी पिता पिता झोपली, हे पहिल्यांदाच. गुरुवारी सकाळी स्मिताने मला हाक मारली, "आई, बघा!" आणि तिचं पोलकं पुढून भिजलेलं होतं. ती हसत होती आणि रडत होती. मी म्हणाले, "पोलकं बदल, वास येईल." लंगोट मोजायचे सोडून दिले, बांबू पुरेना.

उरलेल्या बाटल्या मीच संपवल्या, हेही लिहून टाकते. परत करणं बरं दिसलं नसतं.

शुक्रवार, परत दवाखाना

तीच नर्स, तोच चष्मा. मुलगी तराजूत ठेवली आणि तिने तराजूतच धार सोडली. नर्सने ती पुसली, काटा बघितला, कागद बघितला. स्मिताने माझा हात धरला होता, तिची नखं मला रुतत होती. नर्स काहीतरी म्हणाली आणि कागदावर बरोबरची खूण केली.

"जन्माच्या वजनाच्या पुढे गेली," स्मिता म्हणाली. "डबा नको म्हणते."

"आणखी काय म्हणाली? बरंच बोलली ती."

"विचारलं, पाणी पिता ना. मी म्हटलं, पितेय. आता पितेय."

"आणि आधीचं?"

"तेही सांगितलं."

नर्सने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे आमच्याही घरी अशी एक आहे, असा त्याचा अर्थ मी घेतला.

घरी आलो तर गॅलरीत लिमबाई वाट बघत उभी. वजन वाढल्याचं कळताच तिने टाळ्या वाजवल्या, मुलीच्या गालांना चिमटे काढले आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं ओरडली, "सी? ब्लॅक बियर! आय से, व्हॉट?"

स्मिता माझ्याकडे बघायला लागली. म्हटलं, "सांग तिला. खोटं नको."

"आंटी, बियर मी नाही प्यायले. सगळी आई प्यायल्या."

लिमबाईने माझ्याकडे बघितलं. मग तिचे तिन्ही सोन्याचे दात दिसले. स्मिताला धरून ती बराच वेळ काहीतरी सांगत होती, मधे मधे माझ्या पोटाला बोट लावत होती.

"काय म्हणते?"

"त्यांच्या सासूने पण तसंच केलं होतं म्हणतात. चाखून बघते म्हणून अर्धी बियर तीच प्यायची." स्मिता हसू दाबत होती. "आणि विचारतायत, मग दूध आलं कशाने?"

मी लिमबाईला हाताला धरून आत नेलं, ओट्यापाशी उभं केलं आणि नळ सोडून दाखवला.

तिने नळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात झटकून घरी निघून गेली. तिला काही ते पटलं नाही. आठ दिवसांपूर्वी मलाही पटलं नसतं.